रिकाम्या पेल्याचा वास

‘आस्वाद’ हा शब्द मी पस्तीस वर्षे वर्गात वापरला. कवितेचा आस्वाद, आस्वादक समीक्षा, आस्वादप्रक्रियेतील अडथळे. प्रश्नपत्रिकेत तो हमखास दहा गुणांना येत असे. हा शब्द मुळात जिभेचा आहे, याची आठवण मी दरवर्षी नव्या वर्गाला करून देई आणि नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायातला सर्वपरिचित दाखला सांगे : नाना व्यंजनांनी सिद्ध झालेले अन्न खाताना सुमनस माणसे जसा रस चाखतात, तसाच प्रेक्षक नाट्यातला रस चाखतात. दाखला सांगून झाला की मी पुढच्या मुद्द्याकडे वळे. त्यातल्या ‘सुमनस’ या विशेषणापाशी थांबावे असे मला कधी वाटले नाही. चाखणाऱ्याचे मन निवांत, प्रसन्न असले पाहिजे, ही अट भरताने दाखल्यातच घालून ठेवली आहे. ती मला दिसली निवृत्त झाल्यानंतर, घरापासून फार दूर, आयर्लंडमध्ये, व्हिस्कीच्या एका पेल्यासमोर. प्रस्तुत लेख त्या पेल्याविषयी आहे.

व्हिस्कीविषयी लिहायचे तर मराठी माणसाला आधी जरा खाकरावे लागते. आपल्याकडे मद्याविषयी बोलण्याच्या दोन रीती रूढ आहेत. पहिली ‘एकच प्याला’ची. गडकऱ्यांचे हे नाटक १९१९ साली रंगभूमीवर आले आणि सुधाकराच्या अधःपाताने आपल्या मध्यमवर्गीय मनात मद्याची जी प्रतिमा कोरली ती आजतागायत पुसलेली नाही. दुसरी रीत बढाईची : कोणी किती रिचवली आणि तरी कसा सरळ चालत घरी गेला. याशिवाय एक सरकारी रीतही आहे. १९४९च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे महाराष्ट्रात मद्य बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो. पाप, पराक्रम आणि परवाना या तिन्हींत चवीला जागा नाही. मद्याला वास असतो आणि तो मुद्दाम घेण्यासारखा असू शकतो, हे वाक्यच मराठीत परके वाटते.

आमच्या घरात पहिली रीत होती. मात्र ती नाटकातून आलेली नव्हती. माझा थोरला भाऊ मराठवाड्यातल्या आमच्याच तालुक्याच्या गावी एका कचेरीत कारकून होता. मी महाविद्यालयात असताना सुट्टीला घरी आलो की संध्याकाळी दादा मला दुकानातून बाटली आणायला पाठवी. मी जात असे. थोरल्या भावाला नाही म्हणण्याची रीत तेव्हा नव्हती हे खरे. पण मी कधी म्हणून पाहिले नाही, हेही तितकेच खरे. कापडी पिशवीतून बाटली आणताना मी शक्य तितका श्वास रोखून धरी. पुढे दादाचे लग्न झाले, मुलगा झाला, मी प्राध्यापक झालो, आणि दादा पीतच राहिला. पहाटे वहिनी सर्वांच्या आधी उठे आणि रात्रीचा पेला विसळून पालथा घाली. मुलगा जागा व्हायच्या आत घरात रात्रीची खूण उरू नये, एवढीच तिची धडपड असे. १९९७ साली यकृताच्या आजाराने दादा गेला. त्याचे वय चव्वेचाळीस होते, मुलाचे नऊ.

तो मुलगा पुढे औषधनिर्माणशास्त्र शिकला आणि आयर्लंडच्या दक्षिणेस असलेल्या कॉर्क शहरात एका औषध कंपनीत लागला. २०१८च्या सप्टेंबरात, मी निवृत्त झालो त्या वर्षी, त्याने मला दीड महिन्यासाठी बोलावून घेतले. तिसऱ्या शनिवारी रात्री जेवणे झाल्यावर तो म्हणाला, “काका, तुम्हाला एक सांगायचंय. रागावू नका.” आणि त्याने कपाटातून एक हिरवट बाटली, पोटाशी फुगीर व तोंडाशी निमुळता असा एक काचेचा पेला आणि एक शंभर पानी वही काढून टेबलावर ठेवली.

वही मराठीत होती. दर पानावर रकाने आखले होते : तारीख, नाव, रंग, वास, चव, पाण्यानंतर, शेवट, आणि अगदी कडेला ‘रिकामा पेला’.

“दर शनिवारी एक,” तो म्हणाला. “एकच.”

“एकच?” मी विचारले. शब्द तोंडून गेला आणि आम्हां दोघांनाही ते नाटक आठवले. तो हसला. मला हसू आले नाही. मी रागावलोही नाही. मी घाबरलो होतो.

त्या बाटलीवर ‘ग्रीन स्पॉट’ असे लिहिले होते आणि खाली ‘सिंगल पॉट स्टिल आयरिश व्हिस्की’. पुतण्याने मला जे समजावले, आणि पुढच्या तीन आठवड्यांत त्याच्याकडची पुस्तके वाचून मी जे समजून घेतले, ते येथे थोडक्यात देतो. विषय वाङ्मयाबाहेरचा वाटेल, पण तो फार बाहेरचा नाही.

‘सिंगल पॉट स्टिल’ म्हणजे एकाच भांड्यात काढलेली व्हिस्की नव्हे. ‘सिंगल’चा अर्थ एवढाच, की ती सबंध एकाच मद्यनिर्मितीशाळेत तयार झालेली असते. ‘पॉट स्टिल’ म्हणजे तांब्याचे मोठे, मानेला निमुळते होत गेलेले ऊर्ध्वपातनाचे पात्र. पण या प्रकाराचे खरे वैशिष्ट्य पात्रात नसून धान्यात आहे. स्कॉटलंडच्या सिंगल माल्टमध्ये सगळे जव मोड आणलेले असतात. आपल्याकडे नाचणीला मोड आणून, वाळवून, दळून जे सत्त्व करतात, तीच ही क्रिया. माल्ट म्हणजे दुसरे काही नाही. आयरिश पॉट स्टिलमध्ये मात्र मोड आणलेल्या जवांबरोबर कच्चे, मोड न आणलेले जवही घालतात. २०१४च्या तांत्रिक नियमावलीप्रमाणे दोन्ही प्रकारचे जव किमान तीस-तीस टक्के हवेत आणि ओट, रायसारखी इतर धान्ये फार तर पाच टक्के. हे दळून, गरम पाण्यात कालवून, निथळून, यीस्टने आंबवून मग बहुधा तीनदा ऊर्ध्वपातित करतात आणि लाकडी पिंपांत निदान तीन वर्षे मुरवतात. कच्च्या जवांमुळे व्हिस्कीला एक तेलकट दाटपणा येतो आणि मसाल्याची चुणचुण येते.

कच्चे जव घालायचे कोणाला सुचले, या प्रश्नाचे उत्तर मला फार आवडले. ते कोणा रसिकाला सुचले नाही. ते कराने सुचवले. १७८५ साली सरकारने आयर्लंडमध्ये मोड आणलेल्या धान्यावर कर बसवला. कच्चे धान्य मिसळण्याची रीत त्याआधीही थोडीफार होती. पण कर चुकवायचा तर मोडाचे धान्य कमी आणि कच्चे जास्त, हा हिशेब आता पक्का झाला. म्हणजे या व्हिस्कीचे सगळे व्यक्तिमत्त्व एका काटकसरीतून, खरे तर एका पळवाटेतून जन्माला आले. गंमत पुढेच आहे. १८८० साली तो कर रद्द झाला, आणि तरीही डब्लिन व कॉर्कच्या मद्यनिर्मात्यांनी कच्चे जव सोडले नाहीत. दरम्यानच्या शंभर वर्षांत त्यांना आणि पिणाऱ्यांना ती चव आपली वाटू लागली होती. छंदाच्या सक्तीतून एखादी शैली घडावी आणि सक्ती उठल्यावरही कवीने ती सोडू नये, तसे हे झाले.

याच मंडळींनी एक वाङ्मयीन वादही घातला. एनियस कॉफी हा आयर्लंडच्या अबकारी खात्यातला वरिष्ठ निरीक्षक. त्याने १८३० साली एका नव्या ऊर्ध्वपातनयंत्राचे पेटंट घेतले. उंच स्तंभासारखे हे यंत्र अखंड चाले. पॉट स्टिल दर खेपेला रिकामे करून पुन्हा भरावे लागते, तसे याला करावे लागत नसे. मद्यार्क स्वस्त आणि मुबलक झाला. मात्र धान्याचा वास त्यात जवळजवळ उरत नसे. आयरिश मद्यनिर्मात्यांनी ते यंत्र नाकारले, स्कॉटलंडने उचलले. १८७८ साली डब्लिनच्या चार पेढ्यांनी, म्हणजे जॉन जेमसन, विल्यम जेमसन, जॉन पॉवर आणि जॉर्ज रो यांनी मिळून, खरी व्हिस्की कोणती या विषयावर एक पुस्तकच छापले. स्तंभयंत्रातून निघालेल्या त्या गंधहीन मद्यार्काला तेव्हा एक नाव रूढ होते : ‘सायलेंट स्पिरिट’. मूक मद्यार्क. जो काही सांगत नाही तो. वाद शाही आयोगापर्यंत गेला आणि १९०९ साली आयोगाने निकाल दिला, की मूक असला तरी तोही व्हिस्कीच. पुस्तक लिहिणारे हरले.

हे नाव वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिलो. आपल्याकडची देशी दारू मळीपासून काढलेल्या, गाळून गाळून शुद्ध केलेल्या मद्यार्काची असते. दादासाठी मी पिशवीतून आणत असे ते हेच. मूक मद्यार्क. वास रोखून आणायचे खरे तर कारणच नव्हते. त्याला सांगण्यासारखे काही नव्हतेच. बोलत नव्हता तो दादा.

असो. पहिल्या शनिवारी मी नुसता बसलो. दुसऱ्या शनिवारी पुतण्याने माझ्यापुढे पेला ठेवला. मी साठ वर्षांचा होतो आणि आयुष्यात मद्याला ओठ लावलेला नव्हता. त्याने शिकवले ते असे : पेला हलवू नका, पेल्यात नाक खुपसू नका, थोडे दूर धरा, तोंड किंचित उघडे ठेवून वास घ्या, म्हणजे मद्यार्क नाकात झोंबत नाही. पहिला घुटका फक्त तोंडाची तयारी करतो, त्यावरून मत बनवू नका. दुसरा अगदी लहान घ्या, जिभेवर सगळीकडे फिरू द्या, आणि गिळल्यावर लगेच बोलू नका.

मी वर्गात कविता शिकवताना नेमके हेच सांगत आलो होतो, हे माझ्या ध्यानात आले. पहिल्या वाचनावर मत देऊ नका. घाईने अर्थ लावू नका. वाचून झाल्यावर थोडे गप्प बसा.

पहिल्या घुटक्याला मला आगीखेरीज काही कळले नाही. मग त्याने चमच्याने पाण्याचे चार थेंब टाकले. पाण्याने व्हिस्की खुलते ही पिणाऱ्यांची जुनी समजूत. २०१७ साली स्वीडनमधल्या लिनियस विद्यापीठाच्या दोन संशोधकांनी संगणकीय प्रतिरूपाच्या साहाय्याने तिला एक आधार दाखवला : मद्यार्काचे प्रमाण पुरेसे कमी झाले की ग्वायकॉलसारखे गंधयुक्त रेणू द्रवाच्या पृष्ठभागाशी येऊन थांबतात. मला हे नंतर कळले. त्या रात्री एवढेच जाणवले, की आग मागे सरली आणि तिच्यामागून हिरव्या सफरचंदाचा वास आला. त्याच्याही मागे काहीतरी फार ओळखीचे होते, पण त्याचे नाव सापडेना. दोन-तीनदा पेला नाकाशी नेला. अखेर सापडले : जवस. लहानपणी चटणीसाठी आई तव्यावर भाजत असे तो जवस. आणि घाण्यावरून आणलेले त्याचे तेल. जव आणि जवस यांचा वनस्पती म्हणून काही संबंध नाही, पण कॉर्कमधल्या त्या पेल्यात कच्च्या जवांनी मला आईच्या चुलीपाशी आणून बसवले. पुतण्याने वही पुढे सरकवली. त्याच्या मागच्या नोंदींत दोन ठिकाणी तेच लिहिलेले होते. इंग्रजीत लिहिणारे जाणकारही या प्रकारच्या व्हिस्कीत जवसाचे तेल ओळखतात, हे त्याने मला मुद्दाम नंतर सांगितले.

त्यानंतर आमचे शनिवार भाषेच्या खटपटीत जाऊ लागले. या व्हिस्कीतली मसाल्याची चुणचुण मराठीत लिहायची कशी? त्याने ‘तिखट’ लिहिले होते. मी म्हटले, तिखट म्हटले की मिरची आली. ही तर मिरी, दालचिनी, थोडी सुंठ आहे. मग मी त्याला सांगितले, की संस्कृतातल्या षड्रसांत ‘कटू’ म्हणजे तिखट आणि ‘तिक्त’ म्हणजे कडू. मराठीत येता येता कटूचे ‘कडू’ झाले आणि अर्थाने कूस बदलली. एका रसाचे नाव दुसऱ्याला गेले आणि आपण हजार वर्षे बिनतक्रार जेवतो आहोत. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि लिहिले : ‘मिरीचे तिखट’. तोंडात पसरणाऱ्या स्निग्धपणासाठी त्याचा शब्द माझ्यापेक्षा चांगला होता : ‘साय’. गिळल्यावर मागे रेंगाळणाऱ्या चवीसाठी मी ध्वनिसिद्धान्तातला ‘अनुरणन’ हा शब्द सुचवला. घंटेचा टोला थांबल्यावर उरणारा नाद. तो म्हणाला, “काका, ‘शेवट’च बरा.” ते खरे होते.

एका रविवारी त्याने मला मिडल्टनला नेले. कॉर्कहून पूर्वेला, रेल्वेने अर्ध्या तासाच्या आत, हे गाव आहे. येथली जुनी मद्यनिर्मितीशाळा १८२५ सालची. तिच्यात एकतीस हजार गॅलनांहून अधिक सामावणारे तांब्याचे पॉट स्टिल आजही उभे आहे. जगातले हे सर्वांत मोठे. शेजारी मुख्य मद्यनिर्मात्याचे घर आहे. बॅरी क्रॉकेट यांचा जन्म त्याच घरात झाला. त्यांचे वडीलही येथले मुख्य मद्यनिर्माते होते, आणि मुलगा पुढे त्याच जागी बसून २०१३ साली निवृत्त झाला. हे सांगताना पुतण्याचा आवाज जरा निराळा झाला. वडिलांचे काम पुढे चालवणारा मुलगा. मी काही बोललो नाही.

त्या जुन्या दगडी भिंतींमागे १९७५ सालची नवी इमारत आहे, आणि ती का बांधावी लागली ही दुःखाची कथा आहे. एकोणिसाव्या शतकात जगात गाजलेली ही व्हिस्की विसाव्यात जवळजवळ संपली. अमेरिकेतली दारूबंदी १९२० ते १९३३, आयर्लंडचे स्वातंत्र्ययुद्ध, ब्रिटनशी १९३२ ते १९३८ चाललेले व्यापारयुद्ध, आणि स्तंभयंत्राच्या मद्यार्कात माल्ट मिसळून केलेल्या हलक्या, स्वस्त स्कॉच मिश्रणांची स्पर्धा. १९६६ साली जेमसन, पॉवर आणि कॉर्कची कंपनी यांनी एकत्र येऊन एकच संस्था केली. डब्लिनमधली जेमसनची शाळा १९७१ साली थंडावली, पॉवरची १९७६ साली. १९८०च्या दशकाच्या मध्यावर सबंध आयर्लंड बेटावर व्हिस्की करणाऱ्या दोनच शाळा उरल्या होत्या, आणि पॉट स्टिलची परंपरा एकट्या मिडल्टनवर येऊन टेकली होती. तीही बहुतांशी मिश्रणात घालण्यापुरती. स्वतःच्या नावाने ती उरली ती ‘ग्रीन स्पॉट’सारख्या एखाद्या बाटलीत. डब्लिनचे मिचेल हे मद्यविक्रेते जेमसनकडून कोरा मद्यार्क घेऊन आपल्या पिंपांत मुरवत, आणि किती वर्षे मुरवायचा हे कळावे म्हणून पिंपांवर निळा, हिरवा, पिवळा, लाल असे रंगाचे ठिपके देत. त्यांतला हिरवा तेवढा तग धरून राहिला. ‘रेडब्रेस्ट’ ही दुसरी जुनी व्हिस्की मधली काही वर्षे बंद पडून १९९१ साली परतली. २०११ साली ‘प्युअर’ हा जुना शब्द सोडून ‘सिंगल पॉट स्टिल’ हे नाव पक्के झाले आणि मग नव्या बाटल्या निघू लागल्या. पिवळा ठिपका २०१२ साली, लाल २०१८ साली आणि निळा २०२० साली परत आला. दरम्यान डब्लिनपासून डिंगलपर्यंत नव्या शाळांतूनही पॉट स्टिल निघू लागले.

परतताना कॉर्कच्या सेंट पॅट्रिक स्ट्रीटवर त्याने मला एक पुतळा दाखवला. फादर थिओबाल्ड मॅथ्यू. १८३८ साली याच शहरात या धर्मगुरूने संपूर्ण मद्यत्यागाची चळवळ सुरू केली आणि थोड्याच वर्षांत लाखो आयरिश माणसांनी त्याच्यासमोर शपथ घेतली. जगातले सर्वांत मोठे पॉट स्टिल ज्या परगण्यात आहे त्याच परगण्याच्या मुख्य रस्त्यावर हा माणूस उभा आहे. मला तो पाहून बरे वाटले, हे कबूल करतो. पस्तीस वर्षे शिकवलेल्या नाटकातले कोणीतरी परदेशात भेटल्यासारखे वाटले.

तेथेच उभे राहून मी पुतण्याला तीन आठवडे मनात असलेला प्रश्न विचारला. तुला भीती वाटत नाही का?

तो म्हणाला, “वाटते ना. म्हणून तर वही आहे. बाबांनी कधी चव घेतलीच नाही, काका. नाकाला लागायच्या आत घशाखाली. मी ज्या दिवशी वहीत न लिहिता पिईन, त्या दिवशी थांबेन.”

उत्तर देखणे होते, आणि म्हणूनच मला पुरे पटले नाही. त्याच्याच पुस्तकांत मी १८७५च्या डब्लिनच्या आगीविषयी वाचले होते. लिबर्टीज नावाच्या गरीब वस्तीत एका गोदामाला आग लागली आणि मुरत ठेवलेली व्हिस्की जळत, वाहत रस्त्यावर आली. लोकांनी ती टोप्यांतून, बुटांतून उचलून प्यायली. तेरा माणसे मेली. आगीने नव्हे, धुरानेही नव्हे, पिण्याने. पिंपांत मुरलेली व्हिस्की होती ती, मूक मद्यार्क नव्हे. तिच्यातही सफरचंद असेल, मिरी असेल. म्हणजे पेयाच्या उत्तमपणाने कोणी वाचत नाही. आणि चवीने पिणे हे पोट भरलेल्याचे, उद्याची चिंता नसलेल्याचे काम आहे. एका कारकुनाला रकाने आखलेली वही देऊन भागले नसते. भरताने ‘सुमनस’ म्हटले ते यासाठी. आस्वाद घ्यायला वस्तूची गरज नसावी लागते. गरज आली की चव जाते. दादाला गरज होती. कशाची होती, ते आम्ही कोणी विचारले नाही.

येथे मला स्वतःविषयी एक गोष्ट लिहिली पाहिजे. तिच्याखातर हा लेख लिहायला घेतला. मी बाटली आणताना श्वास रोखून धरत असे, तसाच दादापाशीही मी श्वास रोखून वागलो. त्याला पाहिले की माझे मत तयार असे. तो ‘दारुडा’ होता, आणि तो शब्द मिळाल्यावर पुढचे वाचायची गरज उरली नव्हती. पहिल्या वाचनावर मत देऊ नका, हे मी शेकडो मुलांना सांगितले. सख्ख्या भावाचे दुसरे वाचन मी केले नाही. जवसाची चटणी त्यालाही आवडत असे. हे मला कॉर्कमध्ये आठवले, त्याला जाऊन एकवीस वर्षे झाल्यावर.

२०१९च्या दिवाळीला पुतण्या घरी आला. बारा वर्षे मुरलेल्या ‘रेडब्रेस्ट’ची एक बाटली त्याने आणली होती. हिचा काही मद्यार्क अमेरिकेत बर्बनसाठी वापरून झालेल्या ओकच्या पिंपांत मुरतो आणि काही स्पेनच्या ओलोरोसो शेरीच्या पिंपांत. म्हणून जवांच्या तेलकटपणावर सुक्या मेव्याचा, मनुकांचा, किंचित अक्रोडाचा थर चढतो. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, वहिनी निजल्यावर, आम्ही दोघे पुढच्या खोलीत दोन पेले घेऊन बसलो. वही उघडली होती.

वहिनी पाणी प्यायला उठली. दारात थबकली. पुतण्या तिशी ओलांडलेला माणूस, पण शाळेत चोरी पकडली गेल्यासारखा उभा राहिला. मीही उभा राहिलो. मला वाटले, आता ती बोलेल. ती येऊन खुर्चीवर बसली. वही उचलून तिने एक पान सावकाश वाचले, जणू मुलाचे प्रगतिपुस्तक. मग म्हणाली, “हे काय लिहिलंय, जवस?”

“आई, नुसता वास घे,” तो म्हणाला.

मला ते आवडले नाही. पण तिने पेला घेतला. नाकापासून थोडा दूर धरला. हे तिला कोणी सांगितले नव्हते. डोळे मिटले. आम्ही दोघे तिच्या तोंडाकडे पाहत होतो.

“जवस आहे खरा,” ती म्हणाली. “भाजलेला. आणि चैत्रात उन्हात वाळत घातलेल्या डाळीचा वास.” मग पेला खाली ठेवून माझ्याकडे पाहत म्हणाली, “वास बरा आहे, भावजी. पण मला पुढचा वास माहीत आहे.”

ती आत निघून गेली. पुतण्याने वहीत तिचे शब्द लिहिले : ‘उन्हात वाळत घातलेली डाळ’. त्या पानावरची ती सर्वांत चांगली नोंद आहे. पेल्यात उरलेले आम्ही संपवले, गप्प बसून.

जाणते लोक व्हिस्की संपल्यावर पेला तसाच ठेवतात. मद्यार्क उडून गेला की काचेवर जे राहते त्याचा वास सकाळी घेतात. लाकूड, धान्य आणि मध त्यात स्पष्ट कळतात. वहीचा शेवटचा रकाना त्यासाठीच होता. सकाळी मी उठून स्वयंपाकघरात गेलो, तेव्हा ओट्यावर दोन्ही पेले विसळून पालथे घातलेले होते. वहिनी चहा करीत होती. तिने काही म्हटले नाही, मीही म्हटले नाही.

पुतण्याने विचारले, “काका, कॉर्कला याच व्हिस्कीची जुनी नोंद आहे. त्यातलं लिहू का ‘रिकामा पेला’मध्ये?”

मी म्हटले, तो रकाना कोराच राहू दे.